गुंगी : न आठवणाऱ्या अर्ध्या तासाचा इतिहास

'भूल' ह्या एका शब्दावर मराठीने बरीच कामे सोपवली आहेत. चूक ही भूल, विसर ही भूल, एखाद्या गोष्टीचा मोह पडला तर तीही भूल; आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला बेशुद्ध करतात ती तर भूल आहेच. इंग्रजी वैद्यकाने ह्या क्रियेसाठी ग्रीकातून जो शब्द घेतला त्याचा अर्थ 'संवेदनेचा अभाव' एवढाच होतो. मराठीने मात्र संवेदना बाजूला ठेवून विसरण्यावर बोट ठेवले. आम्ही मराठी शिकवणारी माणसे असल्यामुळे हा भेद आम्हांला आधी केवळ भाषेचा वाटला. पोटाच्या दुर्बिणीचा, म्हणजे एंडोस्कोपीचा, इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की तो वैद्यकाचाही आहे, आणि चाळिशी-पन्नाशीच्या वाचकाला तर त्याची गाठ कधीही पडू शकते.

दुर्बिणीची तपासणी ठरली की रुग्ण विचारतो, "भूल देणार का?" डॉक्टर सांगतात, "भूल नाही, थोडी गुंगी देऊ." रुग्णाला ऐकू येते ते एवढेच, की आपण झोपणार. घोटाळा इथेच होतो. मध्यम प्रतीच्या गुंगीत माणूस झोपतोच असे नाही. हाक मारली तर ओ देतो, कुशीवर वळा म्हटले तर वळतो, कधी कण्हतो, कधी बोलतोही. नंतर मात्र त्यातले त्याला काही आठवत नाही, किंवा आठवते ते तुकड्यातुकड्याने. शुद्ध असते, स्मरण नसते. 'भूल नाही' असे सांगून जे दिले जाते तीच शब्दार्थाने खरी भूल, असा हा प्रकार आहे. वेदना घालवणे आणि वेदनेची आठवण घालवणे ही दोन निराळी कामे वैद्यकाने एकत्र कशी बांधली, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभी ह्यांपैकी एकही साध्य नव्हते. फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६ साली मेणबत्ती आणि आरसा वापरून शरीराच्या पोकळीत उजेड टाकण्याचे यंत्र केले, तेव्हा रुग्णाला काय वाटेल हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात नव्हता. जठरापर्यंत नळी न्यायची तर मुख्य अडथळा घशाचा. घसा परक्या वस्तूला बाहेर ढकलतो, आणि ह्यात माणसाच्या धीराचा वा भित्रेपणाचा काही संबंध नाही. हा अडथळा जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी आडॉल्फ कुसमाउल ह्या वैद्याने १८६८ साली फार मजेदार रीतीने ओलांडला. जत्रेत तलवारी गिळून दाखवणारा एक माणूस त्याने गाठला. मान मागे टाकली की तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत येतात, आणि सवयीने घशाची उबळ मारता येते, हे त्या माणसाच्या पोटापाण्याच्या विद्येतले ज्ञान. कुसमाउलने त्याच्याकडून सुमारे ४७ सेंटिमीटर लांबीची सरळ धातूची नळी गिळवली. नळी पोहोचली, उजेड पुरेसा पोहोचला नाही. (आपल्याकडे हठयोगी वस्त्रधौतीत हातच्या हात लांबीचे कापड गिळून बाहेर काढतात, तेही घशाला लावलेले वळणच. हठयोग्याने वा तलवारबहाद्दराने वर्षानुवर्षे कमावलेली गोष्ट सामान्य रुग्णाकडून सकाळी दहाच्या वेळेला अपेक्षिता येत नाही, हाच पुढल्या सगळ्या खटाटोपाचा उगम.)

१८८१ साली व्हिएन्नात मिकुलिच ह्या शल्यवैद्याने उपकरणे घडवणाऱ्या लायटरच्या साहाय्याने विजेच्या तारेचा दिवा असलेली नळी केली आणि आधी मॉर्फिन टोचून ती वापरली. त्याच शहरातल्या कार्ल कोलरने १८८४ साली कोकेनच्या थेंबाने डोळा बधिर करून दाखवला. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड कोकेनवरच काम करीत होता आणि ऐन वेळी वाग्दत्त वधूला भेटायला गेला होता, ही कथा प्रसिद्धच आहे. डोळ्यामागोमाग घशाच्या डॉक्टरांनीही कोकेन उचलले. आज घशात मारतात तो लिग्नोकेनचा कडवट फवारा त्याच वंशातला. ते औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. मॉर्फिन आणि कोकेन दोन्हीही वेदनेवर, संवेदनेवर काम करणारी. आठवणीकडे अजून कोणी वळले नव्हते.

तिकडे वळले तेही फ्रायबुर्गच. कुसमाउलनंतर चारेक दशकांनी, १९०६ च्या सुमारास, तिथल्या प्रसूतिगृहात कार्ल गाउस आणि त्याचा वरिष्ठ क्रोनिग ह्यांनी प्रसूतीसाठी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन ह्यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत बसवली. जर्मनमध्ये तिला 'संधिप्रकाशातली झोप' अशा अर्थाचे नाव पडले. मॉर्फिन थोडेच देत, त्यामुळे वेदना पुरती जात नसे. स्त्रिया कळा देत, ओरडत, तळमळत. जाग आल्यावर मात्र त्यांना वाटे की आपण शांत झोपलो होतो आणि मूल आपोआप झाले. औषधाची मात्रा ठरवण्याची गाउसची रीत विलक्षण होती. बाईला एखादी वस्तू दाखवायची आणि अर्ध्या तासाने विचारायचे, ही आधी पाहिली होती का? ओळखली तर औषध आणखी द्यायचे. ओळखली नाही तर मात्रा पुरेशी. दुखते आहे का, ह्या प्रश्नाला त्या परीक्षेत जागाच नव्हती.

ह्या पद्धतीकडे केवळ पुरुष डॉक्टरांचे क्रौर्य म्हणून पाहणे आम्हांला पटत नाही. १९१४ साली अमेरिकी मासिकांतून तिची वर्णने छापून आली आणि ती मिळावी म्हणून तिथल्या स्त्रियांनीच संघटना काढली, सभा घेतल्या. त्यांत मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियाही होत्या. वेदना भोगणे हे बाईच्या वाट्याला आलेच पाहिजे असे नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. त्यांच्या हाती मिळाली ती मात्र वेदनेपासून सुटका नव्हती. वेदनेच्या साक्षीपासून सुटका होती. प्रसूतिगृहाच्या बाहेर बसलेल्या नातलगांना किंकाळ्या ऐकू येत, आणि ज्या बाईने त्या फोडल्या तिलाच त्या ठाऊक नसत. पुढे ह्या चळवळीच्या पुढारी स्त्रियांपैकी एक १९१५ साली प्रसूतीतच दगावली. कारण औषधाचे नव्हते असे सांगण्यात आले, पण चळवळ ओसरली.

स्कोपोलामिन हे आपल्या धोतऱ्यात असते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अंमलदारांच्या आणि डॉक्टरांच्या नोंदींत वाटसरूला धोतरा घालून लुटल्याच्या हकिकती पुष्कळ आहेत. वाटसरू शुद्धीवर येई तेव्हा गाठोडे गेलेले असे, आणि कोणी, कसे नेले हे त्याला सांगता येत नसे. एकच द्रव्य लुटारूच्या हातात साक्षीदार नाहीसा करण्याचे साधन, आणि इस्पितळात दयेचे. फरक द्रव्यात नाही. देणाऱ्याच्या हेतूत आहे, आणि घेणाऱ्याला आधी काय सांगितले ह्यात आहे.

दुर्बिणीकडे परत येतो. म्युनिकच्या रुडॉल्फ शिंडलरने १९३२ साली टोकाकडे थोडी वाकणारी नळी तयार करवून घेतली. ती आत जाताना रुग्णाचे डोके धरून बसण्याचे काम त्याची पत्नी गाब्रिएल करी, आणि जाणकारांच्या मते तपासणी सुखरूप पार पडण्यात तिच्या हातांचा वाटा मोठा होता. ह्या हातांची नोंद औषधांच्या इतिहासात होत नाही. आमच्या मते व्हायला हवी. शिंडलर नाझींच्या राजवटीत तुरुंगवास भोगून १९३४ साली शिकागोला गेला आणि जठराच्या दुर्बिणीचे केंद्रही त्याच्यामागून अमेरिकेत गेले.

खरी क्रांती झाली ती काचेच्या धाग्यांनी. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्यांनी १९५४ साली लंडनहून दाखवून दिले की काचेच्या बारीक धाग्यांच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते. तो लेख वाचून मिशिगन विद्यापीठातल्या बेसिल हिर्शोविट्झने धाग्यांची पूर्णपणे वाकणारी दुर्बीण बनवली, आणि १९५७ च्या आरंभी ती पहिल्यांदा स्वतःच्याच घशातून उतरवली. काही दिवसांनी रुग्णाला. धातूची नळी गेली, तशी मान तोडल्यासारखी मागे टाकणेही गेले. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची झाली. मग जी गोष्ट क्वचित होत असे ती रोज, रांगेने होऊ लागली. आणि रांगेतल्या प्रत्येकाला शांत, आज्ञाधारक ठेवणारे औषध हवे झाले.

ते तयार होतेच. लिओ स्टर्नबाख ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आलेले डायझेपाम १९६३ साली बाजारात आले होते. काळजी घालवणारी गोळी म्हणून ते घराघरांत गेले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात शिरेतून टोचून दुर्बिणीसाठीही वापरले जाऊ लागले. पाण्यात न विरघळणारे असल्यामुळे टोचताना शीर जळजळे, आणि अंमल लवकर उतरत नसे. १९७० च्या दशकात त्याच कंपनीने पाण्यात विरघळणारे मिडाझोलाम शोधले. ते लवकर चढते आणि त्यामानाने लवकर उतरते. पण त्याचा खरा गुण वेगळाच आहे: ते दिल्यापासून पुढल्या काही काळाची आठवण बनूच देत नाही. आधीचे पुसत नाही. पुढचे लिहूच देत नाही. गाउसला जे धोतऱ्यातही असणाऱ्या द्रव्याने आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या परीक्षेने साधावे लागे, ते आता दोन-तीन मिलिग्रॅममध्ये साधले.

ह्या सोयीची किंमत लगेच द्यावी लागली. १९८६ पासून अमेरिकेत मिडाझोलामचा वापर सुरू झाला. ते डायझेपामपेक्षा कितीतरी पट तीव्र, पण डॉक्टरांचा हात जुन्या मात्रेला सरावलेला. त्यात अफूच्या वर्गातले दुसरे औषध सोबत, आणि शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या खोलीत रुग्णाच्या श्वासाकडे पाहायला कोणी नाही. श्वास मंदावून माणसे गेली, डझनांनी गेली. १९८८ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली, मात्रा उतरवली गेली आणि वेष्टणावर ठळक इशारा आला. त्याच सुमारास उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आले. आणि ताकुओ आओयागी ह्या जपानी अभियंत्याने १९७४ साली सुचवलेले, बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र सर्वत्र पसरले. हा चिमटा पुढे करोनाच्या साथीत आपल्या घरोघरी आला. आओयागी वारले ते एप्रिल २०२० मध्ये, जग त्यांचे यंत्र शोधत दुकाने पालथी घालत होते तेव्हा.

तिसरे औषध प्रोपोफोल. इयन ग्लेन ह्या पशुवैद्याने ब्रिटनमध्ये ते घडवले. १९७७ सालच्या पहिल्या चाचण्यांत द्रावकाची बाधा होऊ लागल्याने ते मागे घ्यावे लागले, आणि सोयाबीनच्या तेलात मिसळून १९८६ साली दुधासारखे पांढरे होऊन परत आले. हे खरोखरच झोपवते, आणि उठल्यावर माणूस ताजातवाना असतो. पण त्याला उतारा नाही, आणि गुंगी व पूर्ण भूल ह्यांच्यामधली भिंत त्यात फार पातळ आहे. म्हणूनच ते देताना वायुमार्ग सांभाळू शकणारा निराळा माणूस, आपल्याकडे सहसा भूलतज्ज्ञ, हजर लागतो. विनोदी नटी जोन रिव्हर्स २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये घशाची व जठराची तपासणी चालू असताना प्रोपोफोलच्या अमलाखाली प्राणवायूअभावी कोसळली आणि आठवड्याने वारली. तेव्हापासून ह्या औषधाविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली ती गेलेली नाही. धास्तीला प्रमाण हवे: नीट देखरेखीखाली ही औषधे रोज असंख्य लोकांना दिली जातात आणि ते दुपारी घरी जेवतात.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगणे भाग आहे, कारण इतिहास वाचून भीती वाढू नये. आदल्या रात्रीपासून, निदान ६ तास, घन अन्न नाही. साधे पाणीही निदान २ तास आधी बंद. उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ नये एवढाच हेतू. (सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला खाऊ घालावे, सवय असल्यास मद्यही पाजावे असे सांगून पोटाच्या, मुखाच्या आणि आणखी काही विकारांत मात्र उपाशीपोटीच कर्म करावे असा अपवाद केला आहे. नियम जुना आहे.) घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, रोजचे मद्य, झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधे हे सारे आधी सांगावे; मद्याविषयी आपल्याकडे लोक हमखास खोटे बोलतात आणि मात्रेचा अंदाज चुकतो. कवळी काढून ठेवतात. हाताच्या शिरेत सुई, बोटाला चिमटा, नाकाशी प्राणवायूची नळी, डाव्या कुशीवर निजणे. जठराची तपासणी असेल तर घशात फवारा आणि दातांमध्ये प्लॅस्टिकचे कडे. फवाऱ्याने घसा सुजल्यासारखा, गिळताच येणार नाही असा वाटतो, येते. प्रोपोफोल शिरताना हात क्षणभर जळतो आणि मग काही नाही. मिडाझोलाम असेल तर पापण्या जड होतात, आवाज लांबून येतात, नळी गेल्याचे कळते, एखादा उमासा येतो, पोटात हवा भरल्याने फुगल्यासारखे वाटते, आणि मग कोणीतरी "झाले" म्हणते. मधला वेळ कात्रीने कापून काढावा तसा गेलेला असतो. जठराची तपासणी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नुसत्या फवाऱ्यावरही होते, आणि नॉर्वेसारख्या देशात मोठ्या आतड्याची तपासणीही अनेक जण गुंगीविना करून घेतात. तोही पर्याय आहे. त्याची किंमत काही मिनिटांचे सहन करणे, आणि लाभ असा की लगेच उठून आपल्या पायांनी, आपल्या पूर्ण शुद्धीत घरी जाता येते.

गुंगी घेतली असेल तर जाग आल्यानंतरचा तास फसवा असतो. आमच्या एका सहकारी बाईंची आतड्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी येऊन सगळे समजावले, बाईंनी प्रश्न विचारले, मान डोलावली, आभार मानले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या ठामपणे सांगत होत्या की डॉक्टर भेटलेच नाहीत. त्यांच्या यजमानांनी मात्र तेच तीन प्रश्न त्यांच्या तोंडून तीनदा ऐकले होते. दिसायला माणूस जागा, बोलणे सुसंगत, आणि आतली वही मिटलेली. म्हणून सोबत कोणी असावे लागते. आणि केवळ घरी न्यायला नव्हे, तर ऐकून ठेवायला. २४ तास गाडी चालवू नये, व्यवहाराच्या कागदांवर सही करू नये, ह्या सूचनेचेही मर्म हेच.

आठवण आणि वेदना किती वेगळ्या असतात ह्याचा पुरावा दुर्बिणीच्याच खोलीतून आला. टोरांटोचे डॉक्टर रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन ह्यांनी आतड्याची तपासणी होत असलेल्या १५४ रुग्णांना दर मिनिटाला वेदना किती हे विचारले, आणि संपल्यावर एकूण त्रास किती झाला हेही विचारले. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तपासण्या ४ मिनिटांपासून ६९ मिनिटांपर्यंत चालल्या होत्या. पण किती वेळ दुखले ह्याचा नंतरच्या मताशी जवळजवळ संबंधच दिसला नाही. मत ठरले ते वेदनेच्या शिखरावरून आणि शेवटच्या क्षणांवरून. मग ६८२ रुग्णांवर प्रयोग झाला (प्रसिद्धी २००३). निम्म्या लोकांत काम संपल्यावरही दुर्बिणीचे टोक न हलवता आणखी तीन मिनिटांपर्यंत तसेच ठेवले. त्यांना वेदना एकूण जास्तच झाली, शेवट मात्र सौम्य झाला, आणि आठवणीत तपासणी कमी त्रासाची उरली. आम्हांला हा प्रयोग जितका चतुर वाटतो तितकाच अस्वस्थ करणारा वाटतो. भोगणारा एक आणि आठवणारा दुसरा असेल, तर डॉक्टर कोणाची सेवा करतो? पुन्हा तपासणीला यायचे की नाही हे आठवणाराच ठरवणार, हे खरे. पण टेबलावर असतो तो भोगणारा.

हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. गुंगीतला रुग्ण मध्येच "थांबा, काढा" म्हणतो तेव्हा काय करायचे? आधी त्याने शुद्धीत संमती दिली आहे, आता अर्धवट शुद्धीत नाही म्हणतो आहे, आणि उद्या त्याला ह्यातले काहीच आठवणार नाही. ब्रिटनमध्ये ह्यावर वैद्यकीय नियतकालिकांतून १९९० च्या दशकापासून लिहिले गेले आहे. एक बाजू म्हणते, दोन मिनिटांत काम होईल, पुन्हा उपास आणि पुन्हा जुलाबाचे औषध घेण्यापेक्षा बरे. दुसरी म्हणते, नाही म्हणजे नाही. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत, निदान इतपत की हात थांबावा, हवा कमी करावी, औषध पाहावे, विचारावे आणि तरीही नाही आले तर नळी काढावी. कोणाला आठवणार नाही म्हणून झालेले झाले नाही असे होत नाही. खोलीतल्या इतरांना ते आठवतच असते.

संमतिपत्रावर सही घेतात ती बहुधा सुई टोचण्याआधी पाच मिनिटे, आणि तेव्हा कोणी काही वाचत नाही. हे बोलणे आधीच्या भेटीत करावे. झोपवणार की नुसती गुंगी, कोणते औषध, श्वासाकडे पाहायला वेगळा माणूस असेल का, आणि तोंडात नळी असताना बोलता येत नाही तर "थांबा" कसे सांगायचे. त्यासाठी डावा हात वर करण्याची खूण आधी ठरवून ठेवता येते. सुई बहुतेक उजव्या हातात असते, पण तेही विचारून घ्यावे.